इंजिनाची उजवी बाजू

आमच्या पोर्चमध्ये सात फुटांचं डिझेल इंजिन उभं आहे. त्याच्यापायी आमची स्कूटर दीड वर्ष रस्त्यावर ऊन खात पडली, सीटचं रेक्झिन तडकलं, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मला 'इंजिनवाल्या काकू' असं नाव पडलं. इतकी वर्षं बालवाडीत लोकांची पोरं सांभाळली, तेव्हा कुणी 'बाई'च्या पुढे गेलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव धोंडीराम. एकदा लिहिलं, बास. पुढे मी 'हे'च म्हणणार, कारण जन्माची सवय आहे आणि आता ती मोडायची हौस नाही.

हे रेल्वेत इंजिन चालवायचे. सोलापूर ते दौंड, सोलापूर ते वाडी, सगळी हयात त्याच रुळांवर गेली. पण घरात भिंतीत खिळा ठोकायचा तर तो मीच ठोकायचा. इंजिनात काही बिघडलं की लिहून द्यायचं आणि शेडमधला फिटर येऊन बघणार, ही ड्रायव्हर लोकांची रीत. एकदा मोरीतला नळ गळायला लागला तर मला म्हणाले, "लिवून ठेव." कुणासाठी लिहून ठेवू ते काही सांगितलं नाही. असा माणूस साठीनंतर पत्र्याची कात्री हातात घेतो तेव्हा बायको आधी हळद आणि चिंधी शोधून ठेवते.

इंजिनातली दुसरी एक रीत मात्र ह्यांनी घरात आणली आणि ती माझ्या डोक्यावर बसली. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल ज्याला आधी दिसेल त्यानं मोठ्यानं सांगायचा, आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तस्साच परत म्हणायचा. हिरवा तर हिरवा, पिवळा तर पिवळा. नुसती मान हलवून चालत नाही, तोंडानं म्हणावं लागतं. हे स्कूटरवरसुद्धा तेच करतात. सात रस्त्याच्या चौकात हे 'लाल' म्हणाले की मागून मी 'लाल' म्हणायचं. मी गप्प राहिले तर पुढचा हिरवा होऊन गेला तरी स्कूटर हलत नाही. ठेवणीतलं लुगडं नेसून लग्नाला निघालेली मी भर चौकात रंग सांगतेय आणि शेजारच्या रिक्षातली माणसं माझ्याकडे बघतायत, असं कितीदा झालं असेल. लाजेनं मी अर्धी व्हायची, पण म्हणायची.

ह्यांचा असिस्टंट रुद्रप्पा. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कन्नड, बाहेर मराठी, रागावला की दोन्ही एकदम. खरं तर जोड्या बदलत असतात, पण ह्या दोघांची ड्यूटी वर्षानुवर्षं बरोबर लागत आली. रुद्रप्पानं प्रमोशनसुद्धा नाकारलं, कारण ते घेतलं तर परगावी जावं लागलं असतं. ह्यांना तो अण्णा म्हणायचा आणि मला अक्का. त्याची बायको मल्लव्वा माझी जिवाभावाची मैत्रीण. शेंगाची पोळी मी तिच्याकडून शिकले. त्यांचा संगमेश माझ्या बालवाडीत होता, आणि रोज डबा उघडायच्या आधी रडायचा.

मग ते वळण आलं. डिझेल इंजिनाला पुढे लांबलचक बोनेट असतं. ड्रायव्हर डावीकडे बसतो. रूळ उजवीकडे वळले की बोनेट आड येतं आणि त्याला सिग्नल दिसतच नाही. तो उजवीकडच्या असिस्टंटनं बघायचा आणि सांगायचा. त्या दिवशी मोहोळच्या बाजूला एका उजव्या वळणावर रुद्रप्पा गप्प राहिला. ह्यांनी "सिंगल?" म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघतोय, अण्णा." ह्यांनी वाट न बघता ब्रेक मारला. गाडी लाल सिग्नलच्या अलीकडे थांबली. मागच्या डब्यांतल्या माणसांना काही कळलंसुद्धा नाही.

ह्यांच्या तेव्हा ध्यानात आलं की कित्येक महिने सिग्नल पहिल्यांदा हेच सांगतायत आणि रुद्रप्पा फक्त ह्यांच्यामागून म्हणतोय. तो बघून म्हणत नव्हता, ऐकून म्हणत होता. दोन दिवसांनी हे साहेबांकडे गेले आणि रुद्रप्पाचे डोळे तपासा म्हणून सांगून आले. तपासणीत काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, म्हणून तक्त्यावरची अक्षरं तो आजवर वाचत आला होता. बाजूचं सगळं विझत चाललं होतं. त्याला इंजिनावरून उतरवलं आणि स्टोअरमध्ये बसवलं. तक्रार कुणी केली ते त्याला साहेबांकडूनच कळलं, आणि त्या दिवसापासून तो ह्यांच्याशी बोलला नाही. मल्लव्वाही माझ्याकडे यायची बंद झाली.

ह्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी ह्यांची बाजू कमी का लढवली? हळदी-कुंकवात, लग्नात, रेल्वे कॉलनीच्या सत्यनारायणात, कुणी बाई ओठ मुडपून बघायला लागली की मी सरळ विचारायची, मागच्या डब्यात तुमचं लेकरू असतं तर काय म्हणाला असता? ह्यांनी केलं ते बरोबर केलं असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

मल्लव्वा मला पुन्हा भेटली ती मंगळवार बाजारात. मेथीची जुडी हातात घेऊन नुसती उभी होती. मी जवळ गेले तर तोंड फिरवील असं वाटलं, पण तिनं माझं मनगटच धरलं.

"आता काईच दिसत न्हाय त्यांना, अक्का," ती म्हणाली. "दोनी डोळे गेले. किडन्या बी गेल्या. आटवड्यातनं दोनदा मशिनीवर न्यावं लागतंय. एन माडोदु, काय करायचं."

"आन बोलतात का कुणाशी?"

"कुटलं. भिंतीकडं तोंड करून बसत्यात. आदी रुळावरनं गाडी गेली की सांगायचे, ह्ये इंजिन दमलंय, ह्ये शेडमदनं नवं आलंय. आवाजावरनं वळखायचे. आता समदी तारंखालची, विजेची इंजिनं आली. समद्यांचा आवाज एकच. गाडी गेली तरी मान वर करत न्हाईत."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी रामवाडीला त्याच्या घरी गेले. मल्लव्वानं आत घेतलं, पण रुद्रप्पा भिंतीकडे वळून बसला तो वळूनच बसला. हे पुन्हा गेले. त्या खेपेला बाहेरच्या पायरीवर बसून परत आले.

"मराच्या आदी एकदा त्यानं माज्याशी बोलावं," हे मला म्हणाले. "शिव्या दिल्या तरी चालंल. पन बोलावं."

ह्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मी उठून चहा ठेवला, कारण मला दुसरं काही सुचेना.

त्यानंतर आठवडाभरात हे पत्रा घेऊन आले. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "इंजिन करायचंय." मला वाटलं, झालं, माणूस वाया गेला. मग कळलं की ह्यांच्या डोक्यात हिशेब होता. रुद्रप्पाला दिसत नाही, पण हात आहेत. बाजारात मिळतं ते खेळण्यातलं इंजिन हाताला काही सांगत नाही. बोटं दारात गेली पाहिजेत, कठड्यावरून तळवा फिरला पाहिजे, पायरी पायरीसारखी लागली पाहिजे. म्हणून खऱ्याच्या एक अष्टमांश. तेवढ्यात आमचा पोर्च भरला.

पहिले काही महिने बघवत नव्हते. ह्यांनी बोनेटचा पत्रा मोजून कापला, वाकवला, आणि तो अरुंद झाला. पुन्हा मोजला, पुन्हा कापला, पुन्हा अरुंद. पत्रा वाकवताना घडीत थोडा खाल्ला जातो आणि तेवढा आधीच वाढवून धरायचा असतो, हे कुठल्याही पत्र्याच्या डबेवाल्याला ठाऊक असतं. ह्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. वाया गेलेल्या पत्र्याच्या मी कुंड्यांखाली ताटल्या करून घेतल्या. बोटं इतकी कापली की धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला मीच ओढत नेलं. कंपाउंडर म्हणाला, "काका, कारखान्यात हाय का?" हे म्हणाले, "व्हय, घरच्याच."

मग हळूहळू हात बसला. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं चाकं कातून दिली. पूर्वी तो यंत्रमागाचे भाग कातायचा. आता माग भंगारात गेले, म्हणून त्यालाही काम हवंच होतं. बारा चाकं एका पोत्यात घालून हे आले तेव्हा रिक्षा एका बाजूला कलली होती. कठड्यासाठी सायकलचे स्पोक आणले. बोनेटच्या दारांना देव्हाऱ्याला लावतात तसल्या पितळी बिजागऱ्या. एकेक दार उघडायचं, मिटायचं, कडेला कानस मारायची, पुन्हा मिटायचं. शेंगदाणे भाजताना जसं सारखं परतावं लागतं तसं ह्यांचं त्या दारांशी चालायचं. केबिनमध्ये दोन बुटकी स्टुलं केली, आणि एक ब्रेकचा दांडा, तो खरंच मागेपुढे व्हायचा. त्याची काही गरज नव्हती, पण ह्यांनी त्यावर दिवाळी घालवली.

मी काहीबाही बोलायची. पाणी यायच्या दिवशी पिंप ठेवायला जागा नाही, पोर्चमध्ये पाय टाकला की पत्र्याचा कीस टोचतो, पोरगी-जावई आले तर त्यांना काय रुळावर झोपवायचं का. आमची पायल टेंभुर्णीला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, करू दे की गं. कायतरी करतायत की." मी म्हणाले, तुला बोलायला काय जातंय, तुझी स्कूटर उन्हात नाही. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हे संपेल आणि रुद्रप्पा तरीही भिंतीकडेच तोंड करून बसेल, मग ह्या माणसाचं मी काय करू?

रंग द्यायला घेतला तेव्हा मी म्हणाले, "त्याला दिसनार न्हाय, मग रंग कशाला?"

"मला दिसतंय की," हे म्हणाले. निळा रंग दिला आणि मध्ये पिवळा पट्टा. बोनेटच्या आत जुनं ऑइल आणि डिझेल चोळलेलं फडकं ठेवलं. त्या वासानं माझं डोकं दुखायचं.

एक दिवस अंगण झाडताना मी भिंतीच्या बाजूनं वाकून बघितलं. इंजिनाची डावी बाजू आपली सगळी सजलेली, दारं, जाळ्या, पायऱ्या, कठडा. उजवी बाजू कोरी. नुसता निळा पत्रा. एक दार नाही, एक कडी नाही.

"अवो, हिकडं काय केलंच न्हाय?"

"ती रुद्रप्पाची बाजू," हे म्हणाले. "चालत्या गाडीत बाहेरनं जाऊन इंजिन बघून यायचं काम त्याचं. मी जाग्यावरनं उठत नव्हतो. मला कुटं म्हायती तिकडं काय काय हाय."

"तुमी बी आदी असिस्टनच हुता की."

ह्यांनी कानस खाली ठेवली नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांना सगळं माहीत होतं. कोरी बाजू मुद्दाम ठेवली होती. रुद्रप्पा हात फिरवणार, काही लागणार नाही, आणि चूक हाताला लागली की त्याला गप्प बसवणार नाही, हे ह्यांनी ओळखलं होतं. दार कुठे, जाळी कुठे, हे सांगायला तरी त्याला तोंड उघडावं लागणार. दीड वर्ष पत्रा कापणारा हा माणूस एका माणसाच्या तोंडातून चार शब्द काढायचा सापळा करत होता. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी झाडत झाडत पलीकडे गेले.

रुद्रप्पाला आणायचं मी आणि मल्लव्वानं ठरवलं. अक्कानं जेवायला बोलावलंय, एवढंच सांगायचं असं ठरलं होतं. पण मल्लव्वाला खोटं बोलता येत नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. त्यावर तो एवढंच म्हणाला, म्हणे, "चला."

ते आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. संगमेशनं रिक्षातून हात धरून उतरवलं. मी रुद्रप्पाला बघितलं आणि मला माझा चेहरा सांभाळावा लागला, जरी त्याला दिसणार नव्हता. दोन्ही हातांनी भरलेलं घमेलं उचलणारा माणूस, शर्टाच्या आत नुसता टांगल्यासारखा झाला होता. डाव्या हातावर मशिनीसाठी केलेली शीर दोरीएवढी फुगलेली. "या, भावजी," मी म्हणाले. त्यानं आवाजाच्या दिशेनं हात जोडले. हे दोन पावलांवर उभे होते, बोलले नाहीत. आपण बोललो तर तो परत फिरेल अशी ह्यांना भीती होती.

संगमेशनं त्याचा हात इंजिनाच्या पुढच्या टोकावर ठेवला. रुद्रप्पानं आधी बफर चाचपला. मग पायरी. तिथे बोट थांबलं, पुन्हा मागे गेलं, पायरीची धार मोजली. तिथून तो डाव्या बाजूनं निघाला. कठड्यावरून तळवा, मग पहिलं दार. उघडलं. आत हात घातला, वाकला, आणि वास घेतला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मल्लव्वानं माझा पदर मुठीत धरला होता.

दुसरं दार. तिसरं. एकेक दार तो उघडून लावत होता, आणि लावताना अंगठ्यानं दाबून बघत होता, नीट बसलं का. चालत्या गाडीत उघडं राहिलेलं दार म्हणजे असिस्टंटच्या जिवाशी गाठ, असं हे मला कधीतरी म्हणाले होते. केबिनशी आला तेव्हा खिडकीतून बोटं आत घातली. डावं स्टूल लागलं. ब्रेकचा दांडा लागला, तो त्यानं हलकेच मागे ओढला. मग बोटं उजवीकडे गेली आणि दुसऱ्या स्टुलावर थांबली. तिथे ती खूप वेळ थांबली.

मागून वळसा घालून तो उजवीकडे आला. हात कोऱ्या पत्र्यावर पडला. पुढे सरकला. काही नाही. वर, खाली, पुन्हा पुढे. थेट बफरपर्यंत जाऊन तो परत आला.

"हिकडं कायच न्हाय," रुद्रप्पा म्हणाला.

तेरा वर्षांनी. हे एकदम पुढे झाले. "ते तू सांगायचं," हे म्हणाले. "तुजी बाजू हाय. दार कुटं, जाळी कुटं, तू सांग. तू सांगशील तसं मी करतो."

रुद्रप्पानं मान हलवली. "तुमी बी असिस्टन हुता, अण्णा. तुमाला समदं म्हायती हाय."

रुद्रप्पाचा हात पत्र्यावरच होता.

"तुमी सायबाला सांगिटलं त्याचं मला काय न्हाय," तो म्हणाला. तो रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. "बराबर केलं. तुमच्या जागी मी असतो तर मी बी सांगिटलं असतं. मागं मान्सं हुती. मला घरच्यांनी लई समजावलं, अण्णानं बराबर केलं म्हनून. मी कवा न्हाय म्हनलं न्हाय."

"मग रुद्रप्पा..."

"इतकी वर्सं आपन संगं चाललो. हिरवा आला, तुमी मला सांगिटला. पिवळा आला, सांगिटला. तुमाला दिसल्याला एक सिंगल मला सांगिटल्याबिगर तुमी घेतला न्हाय. आन माजाच लाल तेवडा सांगिटला न्हाय. त्यो मी सायबाच्या तोंडनं ऐकला."

गल्लीच्या टोकाला भंगारवाला ओरडत होता, त्याचाच आवाज येत राहिला.

"त्या दिसी तुमी सायबाकडनं आला," रुद्रप्पा पुढे म्हणाला. "मी ड्यूटी लावायच्या लॉबीच्या भाईर हुबा हुतो. आपन एका स्कुटरीवर घरी आलो. सात रस्त्याला तुमी लाल म्हनला, मी म्हागनं लाल म्हनलो. दारात उतरलो. मल्लव्वानं च्या केला, तुमी प्याला. आन गेला."

मला ह्यातलं काहीएक माहीत नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान वर केली नाही, तेव्हाच मला कळलं की अक्षर न् अक्षर खरं आहे.

"सांगायला तोंड झालं न्हाय, रुद्रप्पा," हे म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला. "आन मी पायरीवर बसून तुमची वाट बगितली. किती तरी दिस. म्हनलं, अण्णा येतील आन सांगतील. तुमी आलाच न्हाय. आला ते डोळं गेल्यावर."

मग त्यानं संगमेशला हाक मारली. मी म्हणाले, जेवून जा भावजी, पुरण केलंय. तो म्हणाला, "भूक न्हाय, अक्का. तुमच्यावर राग न्हाय." रिक्षात बसायच्या आधी तो ह्यांच्या दिशेनं वळला. दिशा जरा चुकली, आणि तो आमच्या फाटकाशी बोलल्यासारखा बोलला.

"डावी बाजू झाक झालीया, अण्णा. उजवी ऱ्हाऊ द्या तशीच. करू नका."

रिक्षा गेली. पुरणाचं पातेलं तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी मी ते शेजाऱ्यांत वाटलं. संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "खरंच च्या प्याला?"

"प्यालो."

"आन त्याच्याकडं बगून?"

"त्यो समोर बसला हुता," हे म्हणाले. "दरवाज्यातनं निगताना म्हनला, उद्या येताना जरा लवकर या. मी म्हनलो, बरं."

मला ह्यांचा इतका राग आला की त्या रात्री मी ह्यांना वाढलं पण शेजारी बसले नाही. तेरा वर्षं मी बायकांशी भांडले, बरोबर की चूक म्हणून. आणि तो प्रश्नच नव्हता. खाली मान घालून जेवणाऱ्या ह्या माणसाची दयाही येत होती, कारण साहेबाला सांगायला ह्यांना दोन दिवस लागले आणि मित्राला सांगायला आख्खा जन्म पुरला नाही. दोन्ही मिळून मला झोप लागली नाही, एवढं खरं.

रुद्रप्पा दसऱ्यानंतर गेला. ते लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. हे मातीला गेले, मीही मल्लव्वासाठी गेले. खड्ड्यात बसवलेल्या रुद्रप्पाच्या अंगावर विभूती होती आणि तोंड पूर्वेकडे केलं होतं. हे मागे, लोकांच्या पाठीमागे उभे होते. संगमेशनं येऊन ह्यांचा हात धरून पुढे नेलं. ह्यांनी माती टाकली. ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

घरी परतताना मी स्कूटरवर मागे बसले होते. सीटवरचं फाटलेलं रेक्झिन टोचत होतं. सात रस्त्याला सिग्नल लागला. हे थांबले, पण 'लाल' म्हणाले नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी वाट बघितली. मग दिवा बदलला आणि हे तसेच उभे राहिले, दोन्ही पाय जमिनीवर टेकून, समोर बघत. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. एक रिक्षावाला बाजूनं जाताना काहीतरी बोलून गेला. ह्यांना सिग्नल दिसत होता. ह्यांचे डोळे चांगले आहेत.

मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अवो," मी म्हणाले, "हिरवा."

हे काही म्हणाले नाहीत. मी पुन्हा म्हणाले.